ताईची न पेरलेली परसबाग

एकतीस वर्षं काटेसाहेबांनी दुकानदारांचे तराजू तपासले. कुणाच्या पारड्याखाली मेण चिकटवलंय, कुणाचं किलोचं वजन बुडातून पोखरलंय, हे त्यांना वजन हातात घेताक्षणी कळायचं. ते लांबून दिसले की बाजारात एकच वाक्य फिरायचं, "काटा आला." पुढे त्याचे काटेसाहेब झाले, आणि मग लोकांना ते आडनावच वाटू लागलं. खात्यानं निवृत्तीच्या दिवशी दिलेल्या पाकिटावरही तेच नाव होतं. ते दुरुस्त करून घ्यायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण दुरुस्तीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर येणार होता आणि ते टेबल आता त्यांचं नव्हतं.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी दूरदेशी संसारात रमली होती, आणि सरकारी घर महिनाभरात सोडायचं होतं. थोरल्या बहिणीनं फोनवर सांगितलं, "दोन खोल्या रिकाम्या आहेत, ये निघून." ताईचं बोलणं कायम असं, तारेच्या मजकुरासारखं. तिची सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर गेली होती. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर "लाइन बिझी होती" म्हणायची आणि विषय तोडायची.

काटेसाहेब दोन ट्रंका, एक गुंडाळीचा मीटर आणि पितळी वजनांची जुनी पेटी घेऊन आले. घर बैठं होतं. पुढे रस्ता, मागे स्वयंपाकघराच्या दारातून तीन पायऱ्या उतरल्या की परस. ते पहिल्या दिवशी चहाचा कप घेऊन त्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि चहा निवेपर्यंत तसेच उभे होते.

समोर काय होतं ते त्यांना सांगता आलं नसतं. सरळ अशी एक गोष्ट नव्हती. पायरीच्या फटीतून टोमॅटोचं झाड निघालं होतं आणि त्याला बोरांएवढे लालचुटूक टोमॅटो लगडले होते. पायवाटेच्या मधोमध माठाची लाल भाजी. कोथिंबीर कमरेएवढी वाढून पांढऱ्या फुलावर आलेली. शेपू तर जिकडेतिकडे, धुरासारखा. पाण्याच्या टाकीवर भोपळ्याचा वेल चढून पलीकडे उतरला होता आणि त्याला निळसर राखाडी सालीचे दोन कोवळे भोपळे धरले होते.

"हे कुणी लावलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," आतून ताई म्हणाली. "आपलं आपण येतं."

तिची रीत अशी होती. भाजीतलं सगळ्यात चांगलं झाड खायचं नाही, ते राखायचं. त्याला फुलू द्यायचं, वाळू द्यायचं, आणि बी खडखडायला लागलं की येताजाता एक हिसका द्यायचा. पिकून फुटलेले टोमॅटो तिथेच मातीत दाबायचे. दर वर्षी एक भोपळा वेलाखालीच सडू द्यायचा. बाकी पाणी घालायचं, आणि जिथे जे उगवेल तिथे ते राहू द्यायचं. वाटेत आलं तर वाट बदलायची.

काटेसाहेबांना हे ऐकून घाम फुटला. पण घर ताईचं, त्यामुळे त्यांनी तोंड बंद ठेवलं. महिनाभर ते रोज सकाळी तिला परसात फिरताना बघत. ती अनवाणी उतरायची, दोन पावलं टाकायची, थांबायची, वाकून एखादं पान चुरगळायची आणि बोटं नाकाशी न्यायची. मग मान कलती करून पुढे. हे सगळं ते कौतुकाचे चोचले समजले. एवढी एक सवय म्हातारपणी लागायचीच, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि वर्तमानपत्र उघडलं. वर्तमानपत्र ते मोठ्यानं वाचत, कारण ताईला ते ऐकायला आवडायचं. विजेचं बिलही तेच वाचत. "तुझे डोळे आता रिकामेच आहेत, लाव कामाला," असं ती म्हणायची.

मग ताई आठ दिवसांसाठी तिच्या जुन्या मैत्रिणीकडे गेली. दोघी एकाच बोर्डावर शेजारी बसायच्या. मैत्रिणीच्या मुलानं गाडी आणून तिला नेलं. घर रिकामं झालं आणि काटेसाहेबांचे हात शिवशिवू लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त मोजलं. साडेअकरा मीटर लांब, सहा मीटर वीस सेंटिमीटर रुंद. दुसऱ्या दिवशी कागदावर आखणी केली: सात वाफे, मधून एक सरळ वाट. तिसऱ्या दिवशी कुदळ घेतली. ताईला आल्यावर काय वाटेल, या विचारानं ते इतके खूश होते की कंबर दुखते आहे हेही त्यांच्या लक्षात येत नव्हतं. माठ उपटला, कोथिंबीर उपटली, टाकीवरचा वेल ओढून काढला. कोवळे भोपळे त्यांनी बाजूला ठेवले, पण ओढाताणीत ते चेचले गेले होते, तेही शेवटी कोपऱ्यातल्या खड्ड्यात गेले.

भिंतीपलीकडे कपडे शिवणाऱ्या बाई राहत. त्यांचं मशीन खिडकीशी होतं आणि त्यांना अर्धं परस दिसायचं. चौथ्या दिवशी मशीन थांबलं.

"साहेब, ताईंना विचारलंत का?"

"तिला सांगायचं नाही. आल्यावर एकदम दाखवणार आहे."

बाई खिडकीतून मागे सरल्या. थोड्या वेळानं मशीन पुन्हा सुरू झालं, पण जरा हळू.

काटेसाहेबांनी सुतळ्या ताणल्या, वाफे बांधले, पाकिटातलं विकतचं बी आणून बोटाच्या पेरानं खोली मोजून पेरलं. कांदा, गाजर, मुळा, पालक, मेथी, बीट, नवलकोल. प्रत्येक वाफ्याच्या टोकाला लाकडी पट्टी आणि तिच्यावर त्यांचं सुवाच्य अक्षर. ताई आली त्या दिवशी सगळ्या वाफ्यांना पाणी देऊन ते नवा सदरा घालून बसले होते.

ती मागच्या दारात उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली.

"सरळ केलंस," ती म्हणाली.

"पट्ट्या बघ ना. वाच."

"तुझं अक्षर, तूच वाच."

त्यांनी सातही पट्ट्या वाचून दाखवल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं, छान म्हणाली, आणि आत जाऊन आपली पिशवी रिकामी करायला लागली. तिला भरून आलं असावं, असा काटेसाहेबांनी अर्थ लावला.

पण त्यानंतर ताई परसात उतरेना. सकाळी उठून दाराशी जायची आणि तिथूनच मागे फिरायची. गुडघे दुखतात म्हणाली. मग ऊन फार आहे म्हणाली. मग काहीच म्हणाली नाही. तीन आठवडे असे गेले. वाफ्यांत कोंब आले, अगदी शिस्तीत आले, आणि काटेसाहेब रोज ओळीतले कोंब मोजून कागदावर लिहून ठेवू लागले.

एके सकाळी ते दाढी करून बाहेर आले तर ताई परसात होती. त्यांना बरं वाटलं. जवळ गेले तेव्हा दिसलं की ती पहिल्या वाफ्याशी उकिडवी बसली होती आणि शेजारी उपटलेल्या हिरव्या काड्यांचा ढीग होता. कांद्याची सगळी ओळ. निम्मं गाजरही.

"अगं, हे काय केलंस?"

"गवत काढलं. फार माजलं होतं. म्हटलं तुला तेवढीच मदत."

"गवत? कांदा आहे तो. टोकाला पट्टी लावलीये एवढी मोठी." एकवीस दिवसांचं मोजमाप डोळ्यांदेखत मातीमोल झालेलं बघून काटेसाहेबांचा तोल गेला. "डोळे आहेत की नाहीत तुला?"

ताईनं हातातली माती झटकली.

"नाहीत," ती म्हणाली.

ते तिच्या समोर येऊन उभे राहिले.

"म्हणजे कडेचे आहेत. मधले नाहीत. जिथे बघावं नेमकं तिथेच काही नसतं. तू आत्ता समोर उभा आहेस तर मला तुझे कान दिसतायत, खांदे दिसतायत. तोंडाच्या जागी भुरकं काहीतरी आहे. चार वर्षं झाली."

काटेसाहेब खाली बसले, तेही नेमके पालकावर. आणि मग एकेक गोष्ट आपणहून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. कलती मान. मोठ्यानं वाचलेलं वर्तमानपत्र. दुकानात गेल्यावर ओळखीची माणसं आधी बोलेपर्यंत तिचं थांबणं, आणि एक शब्द कानावर पडताच नावानिशी चौकशी. बोर्डावर तिनं माणसं आवाजानंच ओळखली होती, तीच विद्या तिनं इथे चालवली. आणि ते, ज्यांना पाच ग्रॅमची लबाडी हातानं कळायची, दोन महिने तिच्यासमोर बसून जेवत होते आणि त्यांना काही कळलं नव्हतं.

मग ताईनं सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी तीसुद्धा ओळीनं पेरायची. एके वर्षी मुळ्याचं सगळं बी एकाच खड्ड्यात पडलं आणि तिला ते उगवेपर्यंत समजलं नाही. पुढच्या खेपेला माठाच्या बियांची वाटीच हातातून निसटली. बी शोधायला ती गुडघ्यांवर बसली, पण काळ्या मातीत काळं बी, तिला दिसणार कसं? दिसलं नाही. तेव्हा ती तिथेच बसून थोडी रडली, आणि आता परस बंद, असं ठरवून आत गेली. पंधरा दिवसांनी भिंतीपलीकडून शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, माठ काय सुरेख आलाय हो तुमचा." तेव्हापासून तिनं पेरणं सोडलं. झाडं आपल्या बिया आपण टाकत होती, तिला फक्त कोण कुठे उभं आहे ते ओळखायचं होतं, आणि ते नाकाला नि बोटांना येत होतं. शेपूचा वास, टोमॅटोच्या पानाचा उग्रपणा, भोपळ्याच्या देठावरची लव. तळपायाला जमीनही कळायची, कुठे ओल, कुठे दगड.

"आणि तू आलास आणि सगळं एकसारखं केलंस," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "आता मला पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आधी माझ्या हातातली सुरी काढून घेतली असतीस. मग गॅस. मग रस्ता. मी ओळखते ना तुला, चांगला आहेस म्हणून तर भीती."

सुरीचा विचार काटेसाहेबांच्या डोक्यात आत्ताच येऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी ते तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होती आणि घाई करत नव्हती. तिनं यंत्रातून बराच वेळ पाहिलं, मग एक चौकटींचा कागद पुढे धरून रेघा कुठे वाकड्या होतात ते विचारलं. पडद्याचा मधला भाग झिजलाय, म्हणाली. गेलेलं परत येत नाही. पण काळोख व्हायचा नाही, कडेचं राहील. एक दिव्याचं मोठं भिंग दिलं, काही गोळ्या दिल्या, आणि दर सहा महिन्यांनी यायला सांगितलं. मग तिनं ताईला विचारलं, घरात काय काय जमतं? ताईनं सगळं सांगितलं: चिरणं, शिजवणं, परस. "मग ते करत राहा," डॉक्टर म्हणाली, आणि हे म्हणताना तिनं काटेसाहेबांकडे पाहिलं. घरी येताना रिक्षात ताई बाहेर मान कलती करून बघत होती आणि काटेसाहेब पहिल्यांदाच तिच्याबरोबर तसंच बघायचा प्रयत्न करत होते.

आता चूक निस्तरायची होती. काटेसाहेबांनी सुतळ्या सोडल्या, पट्ट्या उपटल्या. कोपऱ्यातला खड्डा उकरला, तर वरचं सगळं कुजून काळं झालेलं. ते भिंतीशी गेले आणि शिवणाऱ्या बाईंना सगळं खरं सांगून टाकलं. बाईंना ताईच्या डोळ्यांचं ऐकून नवल वाटलं नाही. "मी दोन वर्षं त्यांच्या सुयांत दोरा ओवून देते," त्या म्हणाल्या. "त्यांनी कुणाला बोलू नका म्हणून सांगितलं होतं."

बाईंच्या गच्चीवर दहा-बारा कुंड्या होत्या आणि त्यांतली निम्मी झाडं मूळची ताईच्या परसातली. त्यांनी टोमॅटोची तीन रोपं दिली आणि बी धरलेल्या वाळक्या कोथिंबिरीची एक जुडी. भोपळ्याचं विचारल्यावर त्यांचा चेहरा पडला. "गेल्या वर्षी एक दिला होता त्यांनी मला. बियासुद्धा भाजून खाल्ल्या हो आम्ही."

मातीतलं त्याचं बी पहिल्या पाण्यालाच उगवून संपलेलं, कोवळ्या भोपळ्यांत बी धरलंच नव्हतं, तेव्हा तो भोपळा गेला तो गेलाच. ताईला तो इस्पितळातल्या एका आयाबाईनं दिला होता, आणि ती आता हयात नव्हती. तशी निळसर साल काटेसाहेबांनी नंतर चार बाजार धुंडाळले तरी कुठे दिसली नाही. ताई त्याबद्दल एकच वाक्य बोलली, "गोड होता." त्यानंतर विषय निघाला नाही, पण काटेसाहेबांना टाकीकडे बघवत नसे.

बाकीच्यासाठी काय करायचं, असं त्यांनी विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाली.

"काहीच नाही कसं?"

"चार वर्षांचं बी पडलंय खाली. तू कुदळीनं वरखाली केलंस, म्हणजे झोपलेलं वर आलं असेल. खड्ड्यातला काळा चुरा पसर सगळीकडे, पाणी घाल, आणि हात मागे बांधून उभा राहा."

काटेसाहेबांनी आयुष्यात बरीच अवघड कामं केली होती. एकदा एका बड्या व्यापाऱ्याचं गोदाम सील करताना त्याच्या माणसांनी त्यांना दोन तास कोंडून ठेवलं होतं. पण हात मागे बांधून उभं राहणं त्याहून अवघड निघालं. आठ दिवस नवं काहीच उगवलं नाही. नवव्या दिवशी त्यांना लाल ठिपके दिसले. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांची गर्दी झाली, त्यांनी आखलेल्या वाटेवर तर वाफ्यांपेक्षा जास्त. माठ होता तो. मग खड्ड्यातला चुरा जिथे जिथे पडला तिथे तिथे टोमॅटो, मोहरी, शेपू. काटेसाहेबांना यातलं काही ओळखू येत नव्हतं. कोवळेपणी त्यांना सगळं सारखंच दिसायचं.

"मिट डोळे," ताई म्हणाली.

"कशाला?"

"मिट तर."

त्यांनी मिटले. तिनं त्यांच्या नाकाखाली एक पान चुरगळून धरलं. कोथिंबीर, ते म्हणाले. बरोबर. दुसरं. शेपू. तिसऱ्याला ते चुकले. चौथ्यालाही. असं रोज सकाळी चालायचं, आणि त्यांच्या चुका ताई बोटांवर मोजायची. पहिल्या आठवड्यात दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत. महिन्याभरात एका हातावर आलं.

वाटही पुन्हा तयार झाली. ती कुणी आखली नाही. ताई पुन्हा अनवाणी उतरू लागली, जिथे उगवलं नव्हतं तिथून चालू लागली, आणि तिच्या मागून काटेसाहेब. थोड्या दिवसांत माती दबून वाट दिसायला लागली, नागमोडी, टाकीपाशी उगीचच वळसा घेणारी. सरळ करावी असं एकदा त्यांच्या मनात आलं. त्यांनी ते ताईला सांगितलंही. "कर की," ती म्हणाली, "मग टोमॅटो तू बाजारातून आण." ते हसले आणि वळसा घालून गेले.

सुरी तिच्या हातातच राहिली. एवढं मात्र झालं की स्वयंपाकघरातला दिवा काटेसाहेबांनी बदलला, आणि वर्तमानपत्र वाचताना आता ते बातमीबरोबर छायाचित्रंही सांगू लागले: कोण उभा आहे, हसतोय का, कोट कसा आहे. त्यांच्या वर्णनात माणसाची उंची हमखास यायची. ताई म्हणायची, उंची राहू दे, चेहरा सांग. चेहरा सांगणं त्यांना जमायला वेळ लागला.

पुढच्या वर्षी पायऱ्यांच्या डाव्या अंगाला एक नवंच रोप आलं. जाड देठ, रुंद पान. ताईनं पान चुरगळून हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि तिला ते काय आहे कळेना. शिवणाऱ्या बाई मशीन सोडून आल्या, त्यांनाही ओळखता आलं नाही. एखाद्या पाखरानं आणलं असावं, असं ठरलं. काटेसाहेबांनी स्वतःहून सांगितलं, राहू दे, काय निघतंय बघू. त्यांनी त्याला काठीचा आधार दिला. उन्हाळ्यात आपल्या आंघोळीच्या पाण्यातली एक बादली त्याच्यासाठी राखली. दोन महिन्यांत ते खांद्याएवढं झालं. पिवळी फुलं आली. तिघंही कौतुकानं बघत होते.

मग फुलांच्या जागी काटेरी बोंडं धरली आणि ताईच्या साडीला, काटेसाहेबांच्या पायजम्याला, बाईंनी शिवायला आणलेल्या कापडालाही चिकटून बसली. रस्त्याकडेला गटाराशी उगवतं तेच रान होतं ते, फक्त त्याला इतकं खायला-प्यायला आजवर कुणी दिलं नव्हतं.

ताई इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

"काढू का आता?" काटेसाहेबांनी विचारलं.

"काढ बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "याला मात्र मुळापासून काढ."

त्यांनी बाह्या सरसावल्या, कुदळ आणली, आणि दुपारभर त्या एका रोपाशी झटत राहिले.